पाचव्यात सातव्याचं पोट

जुळ्यांच्या गरोदरपणात अर्धं हे अर्ध्यावर येत नाही. एकटं बाळ असलं की चाळीस आठवडे धरायचे, वीस भरले की निम्मं झालं म्हणायचं, घरात काहीतरी गोड करायचं. माझे वीस भरले त्या दिवशी सासूबाईंनी शेवयांची खीर केली, आणि मी ती खाता खाता त्यांना सांगितलं की आई, निम्मं मागेच होऊन गेलं. माझ्या पोटात दोघं आहेत आणि दोघांत मिळून वार, म्हणजे बाळाला पोसणारा प्लासेंटा, एकच आहे. अशा जुळ्यांची प्रसूती सगळं नीट चाललेलं असलं तरी छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास करतात, त्यापुढे थांबण्यात धोका वाढतो. वार वेगवेगळी असली तर सदतिसावा. आणि निम्म्याहून जास्त जुळी सदतीस आठवडे भरायच्या आतच बाहेर येतात, मग ती ठरवून असोत की न ठरवता. म्हणजे छत्तीस धरले तर अठराव्याला निम्मं झालं, आणि अठराव्याला मी काय करत होते तर जुनी पँट एक बटण उघडं ठेवून घालत होते.

सासूबाईंनी वाटीत आणखी खीर वाढली. म्हणाल्या, "मग उशिरा का होईना, झालं ना? खा."

बँकेत काउंटरवर बसणाऱ्या बाईला हिशोब लागला की बरं वाटतं. जुळ्यांचा हिशोब मात्र लागत नाही, कारण सगळे तो दुपटीने मांडतात. दुप्पट आनंद, दुप्पट खर्च, दुप्पट त्रास, दुप्पट खाणं. आता बावीस आठवडे होऊन गेलेत, आणि मी अजून अशी एकही गोष्ट पाहिली नाही जी नेमकी दुप्पट निघाली. काही दुपटीच्या आसपासही जात नाहीत. काही दुपटीच्या कितीतरी पुढे जातात. आणि एक-दोन गोष्टी तर उलट्या कमी होतात, त्यातली पहिली म्हणजे वेळ.

वारेचं आधी सांगते, कारण या मधल्या महिन्यांत काय वाट्याला येणार ते बरंचसं तिच्यावर ठरतं. जुळी म्हटलं की आपण पहिल्यांदा विचारतो ती एकसारखी आहेत का. डॉक्टर पहिल्यांदा बघतात ते वार एक आहे की दोन. ते बघायची वेळ म्हणजे अकरावा ते चौदावा आठवडा. दोघांच्या मधला पडदा वारेला कसा येऊन टेकतो त्यावरून ते कळतं. दोन वारा एकमेकींना चिकटलेल्या असल्या तर सांध्यात जाडसर त्रिकोणी पाचर दिसते. वार एकच असली तर पातळ पडदा सरळ काटकोनात टेकतो. पुढे पाचव्या महिन्यात हे तितकं स्वच्छ दिसत नाही. म्हणून कुणाला जुळ्यांचा पहिला रिपोर्ट मिळाला असेल तर बाकी सगळं वाचायच्या आधी त्यात वारेबद्दल काय लिहिलंय ते शोधा, आणि लिहिलं नसेल तर विचारा. आमचा पडदा सरळ टेकला होता. एक वार, पाण्याच्या पिशव्या दोन.

एका विहिरीवर दोन मोटा चालाव्यात तसं हे आहे. वारेच्या अंगावर दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जाऊन मिळतात, आणि बहुतेक जोड्यांत हे देणंघेणं बरोबरीत राहतं. शंभरातल्या दहा-पंधरा जोड्यांत ते बिघडतं. एकाकडून रक्त जात राहतं, दुसऱ्याकडे साठत राहतं. ज्याचं जातं त्याला लघवी कमी होते, त्याच्या पिशवीतलं पाणी आटतं. ज्याच्याकडे साठतं त्याच्या हृदयावर ताण येतो आणि त्याच्या पिशवीत पाणी भरमसाट होतं. हे व्हायचं ते साधारण सोळा ते सव्वीस आठवड्यांच्या दरम्यान होतं, म्हणजे नेमकं या मधल्या काळात, जेव्हा बाकीच्या गरोदर बायकांना डॉक्टर सांगतात की आता जरा निवांत दिवस आहेत. म्हणून एका वारेच्या जुळ्यांची सोनोग्राफी सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी होते. वेगळ्या वारेला महिन्यातून एकदा पुरते. वेळेवर सापडलं तर उपाय आहे: पोटातून बारीक दुर्बीण घालून वारेवरच्या त्या जोडणाऱ्या वाहिन्या लेसरने बंद करतात. हे वाचून मला धीर आला होता. माझ्या नवऱ्याला आला नव्हता.

तर दर पंधरा दिवसांनी धंतोली. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, धंतोली आणि तिला लागून रामदासपेठ म्हणजे दवाखान्यांची पेठ. दोन दवाखान्यांमध्ये औषधाचं दुकान आणि दोन औषधांच्या दुकानांमध्ये लॅब. इथे फक्त नागपूर येत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ येतं, मध्य प्रदेशातून शिवनी, बालाघाट, छिंदवाडा येतं. फूटपाथवर डबे उघडून बसलेली माणसं बघितली की कळतं कोण पहाटेच्या गाडीने आलंय. मेमध्ये मी सकाळी आठची वेळ मागून घेते. दहानंतर पार्किंगपासून दारापर्यंतचं अंतरसुद्धा अंगावर येतं.

ऍनोमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग नाही ना ते बघायची मोठी सोनोग्राफी, अठरा ते बावीस आठवड्यांत होते. मेंदू, ओठ, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडं, हातपाय, नाळ कुठे जोडलीय ते. जुळ्यांची ही सोनोग्राफी एकट्याच्या दुप्पट वेळ घेते असं मला सांगितलं होतं. छे. दोघं एकमेकांच्या आड येतात. एकाचं हृदय बघायला जावं तर दुसऱ्याचा गुडघा मध्ये. मी डाव्या कुशीवर, मग उजव्या, मग उठून पाणी पिऊन फेऱ्या. खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे ते बाळ ए, वर आडवं पसरलंय ते बाळ बी. डॉक्टर बोलत जातात, त्यांची मदतनीस टाइप करत जाते, आणि आपण छताकडे बघत प्रत्येक 'ठीक' मोजत जातो.

सगळ्यात आधी त्या बघतात मूत्राशय. पडद्यावर काळा, वाटाण्याएवढा ठिपका. दोघांचे ठिपके दिसले म्हणजे दोघांना लघवी होतेय, म्हणजे देणंघेणं बरं चाललंय. त्या दिवशी ए चा ठिपका लगेच दिसला. बी चा दिसेना. डॉक्टरांनी प्रोब फिरवला, थांबल्या, परत फिरवला. "आत्ताच केली असेल," म्हणाल्या. "जरा बाहेर फिरून या. भरू दे." गर्भाचं मूत्राशय अर्ध्या-पाऊण तासात भरतं आणि रिकामं होतं, हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. तरीही बाहेरच्या बाकावर बसून मी एका न जन्मलेल्या जिवाच्या शू होण्याची वाट बघत होते आणि घशाला कोरड पडली होती.

शेजारी गोंदियाकडची एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर माता-बाल संरक्षण कार्ड, त्यावर पाण्याची बाटली, पोट माझ्याएवढंच. आम्ही एकमेकींच्या पोटाकडे बघितलं आणि दोघींना कळलं. मी वारेचं सांगितल्यावर ती म्हणाली, "माझी वेगरी-वेगरी आहे म्हनते डॉक्टर. तुमची एकच? मंग तं भांडतीन दोघं पोटातच." आणि हसली. तिला महिन्यातून एकदा यावं लागतं, आणि त्या एका खेपेसाठी घरातलं एक माणूस मजुरी बुडवतं. माझ्यासारखी एक वार तिच्या नशिबी आली असती तर पंधरा दिवसांनी दोन तिकिटं, दोन खाडे. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची फुकट तपासणी होते, २०१६ पासून सुरू आहे, तिथेच तिचं जुळं पहिल्यांदा लक्षात आलं होतं. मला आत बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "मुतलं असन आता." नव्हतं, उलट भरलं होतं. काळा ठिपका, ए च्यापेक्षा जरा मोठाच. दोघांच्या पिशव्यांतल्या पाण्याची खोली मोजली; ती दोनपेक्षा कमी नको आणि आठपेक्षा जास्त नको, सेंटीमीटरमध्ये. आमची चार आणि पाच. वजनं साधारण सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम, एकाचं दुसऱ्याहून थोडं कमी. थोडा फरक चालतो. वीस-पंचवीस टक्क्यांवर गेला की लक्ष ठेवतात.

इथे दुपटीचं आणखी एक गणित मोडतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत जुळी जवळजवळ एकट्या बाळाच्याच चालीने वाढतात. म्हणजे आत्ता माझ्या पोटात अर्धी-अर्धी बाळं नाहीत, पुरती दोन आहेत, आणि जागा मात्र एकाचीच आहे. एकट्या बाळाला वीस आठवड्यांना गर्भाशय बेंबीशी येतं. माझं बेंबी ओलांडून वर निघालंय. लिफ्टमध्ये बायका विचारतात, "सातवा?" मी म्हणते पाचवा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघायला मला आता मजा येते.

जागेवरून खाण्यावर येते. समोरच्या काकूंचं ठाम मत की आता तीन जिवांचं खायचं. "दोन लेकरं हायेत पोटात, अजून एक पोळी घे ना वं माय!" काकूंचा जीव आहे माझ्यावर आणि त्यांची सांबारवडी सबंध कॉलनीत नावाजलेली, त्यामुळे वाद घालणं परवडत नाही. पण एका बाळासाठी दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी जास्तीच्या लागतात, दोघांसाठी त्याहून काही अधिक. दुप्पट जेवण कधीच नाही. अमेरिकेतल्या तक्त्यात बेताच्या वजनाच्या बाईने एका बाळाला साडेअकरा ते सोळा किलो वाढावं आणि जुळ्यांना सतरा ते पंचवीस, असं आहे. आणि मुळात तीन जिवांचं खायचं म्हटलं तरी ते ठेवायचं कुठे? जठर वर ढकललं गेलंय. चार घास जास्त झाले की छातीत जळजळ, रात्री तर उशा रचून अर्धवट बसूनच झोप. तर्री पोहे बंद झालेत. सावजी रस्सा तर नवरासुद्धा माझ्यादेखत खात नाही, मित्राकडे जाऊन खातो आणि तोंडाचा वास लपवतो. मी दर दोन तासांनी थोडं थोडं खाते: उकडलेलं अंडं, भाजलेले फुटाणे, वाटीभर घट्ट वरण, पाटवडी, दही. बँकेत माझ्या खणात नोटा मोजायच्या स्पंजशेजारी शेंगदाण्याचा डबा असतो.

जास्तच अंगावर येतं ते लोहाचं प्रकरण. दोघांसाठी अंगातलं रक्त पातळ होऊन वाढतं, एकट्या बाळापेक्षा जास्त वाढतं, आणि हिमोग्लोबिन खाली येतं. अकराच्या खाली गेलं की ऍनिमिया. विदर्भातल्या कितीतरी बायकांचं गरोदर राहायच्या आधीच गेलेलं असतं, माझं साडेदहा होतं. लोहाची गोळी चहासोबत नाही, दुधासोबत नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबत तर नाहीच, त्या दोघींत चार तासांचं अंतर ठेवलं तर बरं. लिंबूपाण्यासोबत घेतली की जास्त लागू पडते. संत्र्याच्या रसासोबत घ्या, असं डॉक्टर म्हणाल्या आणि मग स्वतःच हसल्या, कारण मेमध्ये नागपुरात संत्रं कुठलं. मृग बहार मार्चपर्यंत संपतो आणि आंबिया यायला दिवाळीची वाट बघावी लागते. संत्रानगरीत राहून मी लिंबावर दिवस काढतेय. गोळीने पोट जड होतं, संडासला काळी होते, त्याने घाबरायचं नसतं.

बाकी बारीकसारीक: झोपताना कुशीवर. पायात गोळे येतात, मध्यरात्री. रात्री कमी मात्रेची ऍस्पिरिन, बाराव्या आठवड्यानंतर डॉक्टरांनीच सुरू केलेली, कारण जुळ्यांत रक्तदाब चढायची शक्यता जास्त आणि माझं हे पहिलंच. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत ग्लुकोजचं पाणी पिऊन साखर तपासायची, ती माझी पुढच्या पंधरवड्यात आहे.

आणि ऊन. नागपूरच्या मेबद्दल नव्याने लिहिण्यासारखं काही नाही. पारा पंचेचाळिसावर जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापल्या दिवसांत, कधी त्याच्याही वर, आणि लोक तरीही लग्नाला जातात. पण पोटात दोघं असताना हे ऊन निराळंच वागतं. अंगातलं पाणी कमी पडलं की गर्भाशय आवळतं. मला पहिल्यांदा बँकेतून येताना मेट्रोत जाणवलं. बर्डीला चढले तेव्हा ठीक होतं, आणि मग पोट एकदम दगड झालं. दुखलं नाही. हात ठेवला तर एका बाजूला टणक उंचवटा. अर्ध्या मिनिटाने सैल. घरी येऊन दोन पेले कैरीचं पन्हं प्यायले, डाव्या कुशीवर पडले, थांबलं. डॉक्टर म्हणाल्या, मधूनच येऊन पाणी पिऊन, पडून राहून थांबलं तर काळजी नाही. ठरावीक वेळाने येत राहिलं, कंबरेत कळ घेऊन आलं, सोबत पाणी किंवा रक्त गेलं, तर फोन न करता सरळ या. त्या दिवसापासून माझी बाटली माझ्यासोबत न्हाणीघरातही जाते. सासूबाई ज्वारीच्या पिठाची आंबील करून ठेवतात, ताक असतं, मीठ-साखर-पाणी असतं. कुलरची मात्र कटकट आहे. नवा वाळा घातला की पहिले चार दिवस खोलीभर सुगंध आणि मग दमट हवा, श्वास पुरत नाही असं वाटतं. फुप्फुसांना खालून दोघं ढकलताहेत आणि वरून कुलर पाणी फेकतोय.

संध्याकाळी, ऊन उतरलं की, ते हलायला लागतात. माझी वार पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे उशिरा कळलं. सगळ्या म्हणायच्या अठराव्याला कळेल, मला विसावा उलटून गेल्यावर कळलं. ए खाली उजवीकडे आहे, तिथलं हलणं म्हणजे मूत्राशयावर टिचकी. बी बरगड्यांखाली आडवं, त्याचं हलणं लांब, सरपटल्यासारखं. मी कल्पना करतेय म्हणा हवं तर. पण एकीकडे गडबड चाललेली असताना दुसरीकडे सामसूम असते, आणि मला तेव्हा पहिल्यांदा ते दोघं 'जुळं' न राहता दोन वेगळी माणसं वाटली. एकाला खोडी, एकाला झोप. इटलीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये पोटातल्या जुळ्यांच्या पाच जोड्यांचं चित्रीकरण अभ्यासून सांगितलं होतं की चौदाव्या आठवड्यापासूनच त्यांचे हात एकमेकांकडे जातात, आणि अठराव्याला ते भावंडाला हात लावताना तो नुसता आपटत नाहीत, जपून नेतात. पाचच जोड्या, त्यामुळे फार काही बांधू नये त्यावर. मी बांधलंय.

घरात सध्या श्रेयाचा वाद आहे. माझ्या माहेरी मावसआजीला जुळी होती. सासरी सासऱ्यांचे काका जुळे होते, अमरावतीला. दोन्ही घरं म्हणतात, आमच्याकडून आलं. सासूबाईंची तिसरीच शंका: मी लहानपणी जोडकेळं खाल्लं असणार. जोडकेळं खाल्लं की जुळं होतं म्हणून माझ्या आईने मला कधी खाऊ दिलं नाही, तेव्हा तेही नाही. खरं म्हणजे घराण्यात चालतात ती दोन बीजांची जुळी, एकाच वेळी दोन बीजं सुटण्याची सवय आईच्या बाजूने येते, आणि सासऱ्यांच्या काकांचा माझ्या बीजांशी संबंध काय? माझ्यात तर एकच बीज फळलं आणि मग त्याचे दोन झाले. तसं हजारात तीन-चार बाळंतपणांत होतं, जगात सगळीकडे जवळपास तितकंच, आणि का होतं ते घराण्याला विचारून कळत नाही. थोडक्यात श्रेय कुणालाच नाही. मी हे जेवताना सांगितलं तर सासरे म्हणाले, "ते ठीक आहे, पण काका जुळे होतेच."

नावांचंही तसंच. भेटेल तो लव-कुश म्हणतो. एका बीजाचे दोघं म्हणजे एकतर दोन्ही मुलगे नाहीतर दोन्ही मुली, हे ठरलेलंच. काय ते कुणाला माहीत नाही आणि सोनोग्राफीच्या दारावर पाटी आहेच की इथे ते सांगितलं जात नाही, १९९४ च्या कायद्याने. फॉर्मवर मी सहीही केलीय की मला ते जाणून घ्यायचं नाही. पण लोकांच्या तोंडी मुलगेच. मुली असतील तर? मी म्हणाले एकदा. तेव्हा पुण्याहून आलेली आतेसासू उत्साहाने म्हणाली, "मग गंगा-जमुना!" आणि टेबलाभोवतीचे सगळे नागपूरकर ताटात बघायला लागले. का, ते नागपूरकरांना सांगायला नको, इथल्या बदनाम वस्तीचं ते नाव. पुण्याच्यांनी विचारू नये.

आराम ही आणखी एक झटापट. दोन्ही आया म्हणतात, पलंगावरून उतरू नको. जुन्या काळी जुळ्यांना पाचव्यापासून झोपवूनच ठेवायचे. आता तसं सांगत नाहीत. नुसतं झोपवून ठेवल्याने जुळी उशिरा होतात असं दिसलेलं नाही, उलट पायांत गुठळ्या व्हायची भीती वाढते. त्यापेक्षा विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजतात. पंचवीस मिलिमीटरच्या खाली आली तर पुढचं बघायचं. माझी छत्तीस होती, त्या आकड्यावर मी नोकरी करतेय. लांबचं उभं राहणं नाही, जिने नाहीत, गाडी बंद. कॅशवरून कर्ज विभागात बसवून घेतलंय, तिथे निदान खुर्ची मागे कलते.

रजेत तर दुपटीचा प्रश्नच येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा सव्वीस आठवड्यांची झाली, त्यातले आठ प्रसूतीच्या तारखेआधी घेता येतात. एक बाळ असो की दोन, तेवढीच. मी आधीचे आठ घेणार नाही म्हणून अडून बसले होते, म्हणजे नंतर जास्त मिळतील. मग डॉक्टरांनी तारखा मांडून दाखवल्या. तिसावा आठवडा ऑगस्टच्या आधी येतो, तिथपर्यंत सगळं आवरलेलं हवं. बॅग, पैसे, रक्तगट जुळणारी माणसं, आणि प्रसूती होईल तिथेच नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग आहे ना, दोन जागा मिळतील ना. आम्ही तो विभाग आत्ताच जाऊन बघून आलो. बाहेरून, काचेतून. नवऱ्याने आधी नको म्हटलं, अपशकुन वाटला. मग आत किलोभराचं एक बाळ मोजे घालून जांभई देताना दिसलं, आणि त्याने नर्सला इतके प्रश्न विचारले की तिने शेवटी त्याला माहितीपत्रक दिलं. अवेळी कळा सुरू झाल्या तर फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. ती कुठे आणि किती लवकर मिळतील हे आधी विचारून ठेवलेलं बरं.

फ्रिजवर आम्ही एक कागद लावलाय, सासूबाईंच्या अक्षरात, कारण त्यांचं अक्षर चांगलं आहे. डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे अंधारी. उजव्या बरगडीखाली दुखणं. चेहरा, हात एकाएकी सुजणं. तळहात-तळपायांना रात्रीची खाज. पाणी जाणं, रक्त जाणं. आणि एक वारवाल्यांसाठी खास: दोन-चार दिवसांत पोट एकदम ताणून मोठं होणं, धाप लागणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. सासूबाईंनी खाली स्वतःहून एक ओळ वाढवलीय: 'यांना उठवावे, यांची झोप जड आहे.' यांना म्हणजे त्यांच्या मुलाला.

सध्याचा ज्वलंत विषय डोहाळजेवण. ते सातव्यात करतात. पण सातवा म्हणजे अठ्ठाविसावा आठवडा, तेव्हा मी पाटावर बसून उठू शकेन का याबद्दल डॉक्टरांनाही शंका, त्यामुळे सहाव्यातच उरकायचं ठरलंय. मृग लागल्यावर, म्हणजे निदान हवा फिरलेली असेल. मांडव नको, हिरवी साडी सुती, फुलांचे दागिने हलके, ओटी बसल्या जागी भरायची. जेवायला वडाभात आणि कढी, मला मसाला कमी. इथवर एकमत झालं. अडलं बर्फी-पेढ्यावर. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत बर्फी, एकीत पेढा, गरोदर बाई उघडते ती काय होणार ते सांगते. खेळच आहे, पण माझ्या मावशीने जाहीर केलं की जुळं आहे तर दोन वेळा उघडायच्या, म्हणजे एक बर्फी एक पेढा यायची संधी राहते, एक मुलगी एक मुलगा, घर पुरं.

मी तिला सांगितलं की मावशी, तसं होणार नाही. वार एक आहे, बीज एक आहे, दोन्ही पेढे नाहीतर दोन्ही बर्फ्या.

मावशी जरा थांबली. "असं कसं गं? मग उघडायचं कशाला दोनदा?"

"तेच म्हणते मी. एकदाच उघडते."

"आणि मिठाई? मोजूनच आणायची का मग? हल्दीरामकडे बर्फी-पेढ्याचा अर्धा-अर्धा किलो सांगून ठेवलाय मी," मावशी म्हणाली. आणि मग माझ्या सासूबाईंकडे वळून, "दुप्पट करू का हो, वहिनी? जुळं आहे."